निषेधाच्या ठरावापासून न्यायाच्या पायरीपर्यंत
दहशतवादी हल्ले आणि राष्ट्रांचा राजनय

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दहशतवादी हल्ल्यांनंतर जगातील राष्ट्रे काय करतात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. माहिती खात्यातील अधिकाऱ्याने परराष्ट्र व्यवहारावर बोलावे काय, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती अगदीच गैर म्हणता येणार नाही. तथापि माझ्या व्यवसायाचा या विषयाशी एक धागा जुळतो. निवेदने, पत्रके आणि शोकसंदेश यांचे शब्द जुळविणे हे आमचे नित्याचे काम. अशा शब्दांना कितपत वजन असते आणि ते कोठून येते, हे पाहण्याची सवय त्यामुळे जडलेली असते.

एखाद्या देशात दहशतवादी हल्ला झाला की काही तासांतच जगभरातून निषेधाचे संदेश येऊ लागतात. ध्वज अर्ध्यावर उतरतात, राजदूत पुष्पचक्रे वाहतात. वर्तमानपत्रात हे वाचताना सामान्य वाचकाच्या मनात एक प्रश्न हटकून येतो : या संदेशांचे पुढे होते काय? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच राजधानीवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी जो हल्ला झाला, त्यानंतरच्या वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढे आणला तरी पुरे. मुंबईचा अनुभव असे सांगतो की, सहानुभूती मागावी लागत नाही. सहकार्य मात्र पुराव्याच्या मोबदल्यातच मिळते. आणि तो पुरावा परराष्ट्र मंत्रालयाच्या दालनात तयार होत नसतो. तो रस्त्यावर, रुग्णालयात, पोलीस ठाण्यात आणि न्यायालयाच्या साक्षीदारांच्या पिंजऱ्यात तयार होतो. हेच सूत्र मी आज आपणांपुढे मांडणार आहे.

व्याख्येचा वाद

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक येथे ऑलिंपिक क्रीडास्पर्धा चालू असताना इस्रायलच्या अकरा खेळाडू व प्रशिक्षकांचा बळी गेला. संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन महासचिव कुर्ट वाल्डहाइम यांच्या पुढाकाराने दहशतवादाचा प्रश्न आमसभेपुढे आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ठरावही झाला. परंतु चर्चा सुरू होताच सभागृहात दोन तट पडले. हिंसा ही हिंसाच, तिला शिक्षा झालीच पाहिजे, असे एका बाजूचे म्हणणे. वसाहतवादाविरुद्ध लढणाऱ्यांना याच नावाखाली चिरडले जाईल, ही दुसऱ्या बाजूची भीती. परिणामी दहशतवाद म्हणजे काय, याची सर्वमान्य व्याख्या तेव्हा होऊ शकली नाही आणि आजतागायत झालेली नाही. भारताने १९९६ मध्ये याविषयीच्या सर्वंकष आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा मांडला. व्याख्येच्या याच खडकावर तो अद्याप अडलेला आहे.

व्याख्या होत नाही म्हणून जग हातावर हात ठेवून बसले नाही. राष्ट्रांनी आडवाट काढली. दहशतवादी कोण, हे न ठरविता विशिष्ट कृत्येच गुन्हा ठरविण्यात आली. विमानाचे अपहरण करणे हा गुन्हा ठरला तो १९७० च्या हेग कराराने. ओलीस धरणे हा गुन्हा ठरला १९७९ मध्ये आणि सार्वजनिक ठिकाणी बॉम्बस्फोट घडविणे १९९७ मध्ये. या करारांमध्ये एक साधे तत्त्व ओवलेले आहे : आरोपी तुमच्या भूमीवर सापडला तर त्याला मागणाऱ्या देशाच्या स्वाधीन करा, नाहीतर स्वतः त्याच्यावर खटला चालवा. आश्रय देऊन गप्प बसण्याची मुभा नाही. पुढे अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सुरक्षा परिषदेने त्याच महिन्याच्या २८ तारखेला १३७३ क्रमांकाचा ठराव केला आणि दहशतवाद्यांना पैसा व आश्रय मिळू न देणे हे प्रत्येक सदस्य राष्ट्राचे बंधनकारक कर्तव्य ठरविले.

अशा नियमांना बळ कसे येते, याचे एक बोलके उदाहरण स्कॉटलंडमधील लॉकरबी गावाचे आहे. २१ डिसेंबर १९८८ रोजी या गावावर एक अमेरिकन प्रवासी विमान स्फोटाने कोसळले. विमानातील २५९ आणि गावातील ११, अशी २७० माणसे दगावली. तपास करणाऱ्यांनी मैलोगणती पसरलेल्या शेतांतून आणि रानांतून अवशेष वेचले. त्यांत स्फोटाच्या घड्याळयंत्रणेचा एक नखाएवढा तुकडा कपड्याच्या चिंधीत अडकलेला मिळाला. त्या कपड्यांचा माग माल्टा बेटावरील एका दुकानापर्यंत आणि पुढे दोन लिबियन नागरिकांपर्यंत गेला. लिबियाने त्यांना स्वाधीन करण्यास नकार दिला, तेव्हा १९९२ मध्ये सुरक्षा परिषदेने त्या देशावर निर्बंध लादले. अखेरीस १९९९ मध्ये दोघांना नेदरलँड्समध्ये भरविलेल्या स्कॉटिश न्यायालयापुढे उभे करण्यात आले. २००१ मध्ये एकास शिक्षा झाली, दुसरा सुटला. शेतात वेचलेल्या एका तुकड्यावाचून सुरक्षा परिषदेचा तो ठराव उभाच राहिला नसता. बारा वर्षांचा हा काळ आपण ध्यानात ठेवू, कारण मुंबईचा प्रवास त्याहूनही लांबला आहे.

मुंबईवरील हल्ला आणि जगाचा प्रतिसाद

कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा हल्लेखोरांनी मुंबईत जवळजवळ साठ तास हिंसाचार केला. छत्रपती शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, कामा रुग्णालय, ताज आणि ट्रायडेंट-ओबेरॉय ही हॉटेले, नरिमन हाउस ही ठिकाणे सर्वांच्या स्मरणात आहेत. १६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत गावी निघालेले रेल्वेचे प्रवासी होते, कर्तव्य बजावणारे पोलीस अधिकारी व जवान होते, तसेच अनेक देशांचे नागरिकही होते. अमेरिकेचे सहा नागरिक त्यांत होते. मृतांच्या यादीत इतक्या राष्ट्रांची नावे असल्यामुळे हा हल्ला केवळ भारताचा प्रश्न उरला नाही.

हल्ला चालू असतानाच सुरक्षा परिषदेने निषेधाचे निवेदन काढले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस दिल्लीत आल्या आणि तेथून पाकिस्तानला गेल्या. ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन हेही त्याच महिन्यात या भागात येऊन गेले. ९ डिसेंबरला आपले परराष्ट्र व्यवहार राज्यमंत्री ई. अहमद यांनी सुरक्षा परिषदेपुढे भारताची बाजू मांडली आणि जमात-उद-दावा या संघटनेवर बंदी घालण्याची मागणी केली. लगेच दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीने ही संघटना म्हणजे लष्कर-ए-तय्यबाचेच दुसरे नाव असल्याचे नमूद केले. हाफिज सईद आणि झकी-उर-रहमान लखवी यांच्यासह चौघांची नावे तिने आपल्या यादीत घातली. लष्करचे नाव त्या यादीत २००५ पासूनच होते. यादीत नाव येणे याचा अर्थ संबंधितांची मालमत्ता गोठविणे, प्रवासास मनाई करणे आणि त्यांना शस्त्रे मिळू न देणे, ही सर्व सदस्य राष्ट्रांची जबाबदारी ठरते.

हे सारे दोन आठवड्यांत घडले. राजनयाच्या मोजमापाने हा वेग विलक्षणच म्हटला पाहिजे. परंतु यादीत नाव घालणे निराळे आणि माणसाला न्यायालयापुढे उभे करणे निराळे. दुसऱ्या कामासाठी लागणारा पाया मुंबईच्या एका पोलिसाने हल्ल्याच्या पहिल्याच रात्री घालून ठेवला होता.

चौपाटीवर मिळालेला पुरावा

गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांनी स्वतःच्या देहावर घेतल्या, पण हल्लेखोर जिवंत हाती लागला. देशाने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देऊन गौरविले. त्यांच्या शौर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचे राजनैतिक मोल मात्र पुरेसे सांगितले गेलेले नाही. दहाही हल्लेखोर मारले गेले असते तर 'ही माणसे आमची नव्हेतच' एवढे म्हणून मोकळे होणे पाकिस्तानला सहज शक्य होते. प्रारंभी तसेच सांगितले जात होते. जिवंत कैद्याचे नाव, गाव, आईबाप आणि प्रशिक्षणाची ठिकाणे समोर आल्यावर ते अवघड झाले. डिसेंबरमध्ये पाकिस्तानातीलच पत्रकार त्याच्या फरीदकोट गावापर्यंत जाऊन पोहोचले.

याच्या जोडीला इतर पुरावा होता. हल्लेखोर आणि सीमेपलीकडून त्यांना सूचना देणारे सूत्रधार यांची दूरध्वनीवरील संभाषणे हल्ला चालू असतानाच ध्वनिमुद्रित झाली होती. 'कुबेर' या मच्छीमार नौकेवर उपग्रह दूरध्वनी मिळाला. मार्गदर्शक जीपीएस यंत्रे मिळाली, रबरी होडीचे यामाहा इंजिन मिळाले आणि पाकिस्तानी बनावटीच्या किरकोळ वस्तूही मिळाल्या. यांतील प्रत्येक वस्तूचा पंचनामा झाला, ती मोहोरबंद झाली, तिची नोंद झाली. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने यंत्रे आणि इंटरनेटवरील दूरध्वनी यांचा माग काढण्यास साहाय्य केले.

५ जानेवारी २००९ रोजी परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी पुराव्याचे हे दप्तर पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या हाती दिले. दिल्लीतील परदेशी राजदूतांनाही त्याची माहिती देण्यात आली आणि परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी जगभरच्या परराष्ट्रमंत्र्यांना पत्रे पाठविली. दोनच दिवसांनी कसाब पाकिस्तानी नागरिक असल्याचे पाकिस्तानने मान्य केले. १२ फेब्रुवारीला त्या देशाचे गृहखात्याचे प्रमुख रहमान मलिक यांनी कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याची कबुली दिली. होडीचे इंजिन कराचीत विकत घेतल्याचेही त्यांनीच सांगितले. निषेधाच्या शेकडो संदेशांना जे साधले नसते ते क्रमांक घातलेल्या काही पानांनी साधले.

खुल्या न्यायालयाचे वजन

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. सर्वांदेखत पकडलेल्या गुन्हेगारावर वर्षानुवर्षे खटला चालविण्याची गरज काय होती? त्या काळी हा प्रश्न चौकाचौकांत विचारला जात होता आणि आप्त गमावलेल्यांच्या तोंडी तो शोभूनही दिसत होता. परंतु मुंबईच्या विशेष न्यायालयात जे चालले होते त्याकडे साऱ्या जगाचे लक्ष होते. आरोपीस वकील मिळाला. शेकडो साक्षीदार तपासले गेले. ३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला आणि ६ मे रोजी त्याला फाशीची शिक्षा झाली. त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपींची पुराव्याअभावी मुक्तता झाली. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे निर्णय कायम केले. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात शिक्षेची अंमलबजावणी झाली.

पुरावा अपुरा वाटला तेथे आरोपीस सोडणारे न्यायालय जेव्हा दुसऱ्यास दोषी ठरविते, तेव्हा त्या निकालाला परदेशातही मान मिळतो. यानंतर भारताने ज्या ज्या देशाकडे आरोपी मागितला त्या त्या ठिकाणी 'तुमच्याकडे न्याय होईल काय?' हाच प्रश्न सर्वप्रथम विचारला गेला. मुंबईच्या खटल्याची कागदपत्रे हे त्या प्रश्नाचे तयार उत्तर होते.

माणसे परत आणण्याची किंमत

आरोपी परदेशातून आणण्याचे दोन मार्ग आहेत. एक प्रत्यर्पणाचा. यात तेथील न्यायालय पुरावा तपासते आणि आरोपीला अपील करता येते. दुसरा हद्दपारीचा. यात तेथील शासन परकी नागरिकास आपल्या हद्दीबाहेर काढते. पहिला मार्ग लांबचा आणि पक्का; दुसरा जवळचा, पण सर्वस्वी त्या शासनाच्या इच्छेवर अवलंबून असलेला.

प्रत्यर्पणाची किंमत काय असते, हे १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांच्या प्रकरणात दिसून आले. २५७ जणांचा बळी घेणाऱ्या या स्फोटांतील आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बन येथे पकडला गेला. त्या वेळी भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यर्पणाचा करार नव्हता. शिवाय पोर्तुगालमध्ये फाशी नाही आणि जन्मठेपही नाही. त्यामुळे फाशी देणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा अधिक काळ तुरुंगात ठेवणार नाही, अशी लेखी हमी भारताला द्यावी लागली. नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारतात आला. पुढे त्याला जन्मठेप झाली, तरी ती हमी पाळणे शासनावर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. ज्यांनी आप्त गमावले त्यांना ही अट सलते, यात नवल नाही. पण दिलेला शब्द मोडला तर पुढचा आरोपी कोणताही देश देणार नाही.

हद्दपारीच्या मार्गाचे उदाहरण आपल्या बीड जिल्ह्यातील आहे. हल्लेखोरांना दूरध्वनीवरून सूचना देणाऱ्यांपैकी एक म्हणून ज्याचे नाव पुढे आले, तो झबीउद्दीन अन्सारी उर्फ अबू जुंदाल सौदी अरेबियात पाकिस्तानी पारपत्रावर राहात होता. जून २०१२ मध्ये सौदी शासनाने त्याला भारताच्या स्वाधीन केले. पाकिस्तानशी निकटचे संबंध असलेल्या देशाने असा निर्णय घ्यावा, ही भारतीय राजनयाची मोठीच मिळकत होती.

मुंबईत येऊन हल्ल्याच्या जागांची पाहणी करणारा डेव्हिड हेडली याची कथा मात्र वेगळी आहे. तो अमेरिकेचा नागरिक. ऑक्टोबर २००९ मध्ये तो शिकागोत पकडला गेला. मार्च २०१० मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याच्या बदल्यात आपल्याला फाशी होणार नाही व भारताच्या स्वाधीन केले जाणार नाही, असे वचन मिळविले. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. मित्रराष्ट्राचे साहाय्यही त्याच्या स्वतःच्या हिताच्या मर्यादेतच मिळते, हे येथे उघड झाले. तरीही भारतीय अधिकाऱ्यांना त्याची चौकशी करता आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर त्याने माफीचा साक्षीदार म्हणून अमेरिकेतून दूरदृश्य प्रणालीद्वारे मुंबईच्या न्यायालयापुढे साक्ष दिली.

हेडलीचा सहकारी तहव्वूर राणा हा मूळचा पाकिस्तानी, पण कॅनडाचा नागरिक. २०११ मध्ये शिकागोच्या ज्यूरीने त्याला लष्कर-ए-तय्यबाला साहाय्य केल्याबद्दल दोषी धरले, पण मुंबईच्या आरोपातून मोकळे केले. अनेकांना येथे प्रकरण संपले असे वाटले. भारताने १९९७ च्या प्रत्यर्पण कराराचा आधार घेतला. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हा राणाचा मुख्य बचाव होता. भारतातील आरोपांचे घटक वेगळे आहेत, हे आपले उत्तर. २०२० पासून हा वाद एकामागून एक न्यायालयांत चालला. २१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली आणि १० एप्रिल २०२५ रोजी राणा दिल्लीत उतरला. हल्ल्याला तेव्हा सोळा वर्षे उलटून गेली होती. इतक्या काळात शासने बदलली, मंत्री बदलले, अधिकारी निवृत्त झाले. दप्तर मात्र बंद झाले नाही.

जे अद्याप झालेले नाही

बंधुभगिनींनो, एवढ्यावरच थांबलो तर चित्र अपुरे राहील. पाकिस्तानात लखवी व इतरांवर खटला दाखल झाला खरा. त्या देशाचे न्यायिक पथक मार्च २०१२ मध्ये मुंबईत आले आणि त्याने दंडाधिकारी, तपास अधिकारी व डॉक्टर यांचे जबाब नोंदविले. उलटतपासणी झाली नाही, या कारणास्तव तेथील न्यायालयाने ते नाकारले. सप्टेंबर २०१३ मध्ये पथक पुन्हा आले, उलटतपासणीही झाली. तरीही खटला पुढे सरकला नाही. लखवी एप्रिल २०१५ मध्ये जामिनावर बाहेर आला. मुंबईतील हत्यांसाठी कटाच्या सूत्रधारांपैकी एकालाही पाकिस्तानातील न्यायालयाने शिक्षा केलेली नाही.

जे थोडे घडले ते आर्थिक दडपणामुळे. दहशतवादाला होणाऱ्या अर्थपुरवठ्यावर देखरेख ठेवणारी एफएटीएफ ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने पाकिस्तानला जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या काळात विशेष देखरेखीच्या यादीत ठेवले होते. याच काळात हाफिज सईद, लखवी आणि साजिद मीर यांना तेथील न्यायालयांनी तुरुंगवासाच्या शिक्षा दिल्या. परंतु त्या सर्व अर्थपुरवठ्याच्या गुन्ह्यांसाठी. व्यापार आणि कर्ज अडचणीत येण्याची भीती तेथे नीतीच्या आवाहनापेक्षा अधिक प्रभावी ठरली.

सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीतही असेच अडथळे आहेत. तिचे निर्णय सर्वसंमतीने होतात, त्यामुळे पंधरांपैकी एक सदस्यही प्रस्ताव रोखू शकतो. मसूद अझहरचे नाव यादीत घालण्याची भारताची खटपट २००९ मध्ये सुरू झाली आणि चीनने हरकत मागे घेतल्यावर १ मे २०१९ रोजी ती फळाला आली. मुंबई हल्ल्यातील साजिद मीरविषयी भारत व अमेरिका यांनी मिळून मांडलेला प्रस्ताव २०२३ मध्ये चीनने अडविला.

संयम की प्रहार?

असे असताना २००८ मध्ये भारताने लष्करी उत्तर का दिले नाही, हा वाद आजही चालू आहे. मेनन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'चॉइसेस' या आपल्या पुस्तकात याविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. त्या वेळी आपण स्वतः तत्काळ प्रत्युत्तराच्या बाजूचे होतो. मागे वळून पाहता मात्र संयमाचा निर्णय योग्य वाटतो, असे त्यांचे म्हणणे. उलट, संयमामुळे सूत्रधारांना जरब बसली नाही, असे मानणाराही मोठा वर्ग आहे. पुढील काळात देशाने वेगळी वाट धरली. २०१६ मध्ये उरी, २०१९ मध्ये पुलवामा आणि २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यांनंतर भारताने सीमेपलीकडे लष्करी कारवाई केली.

परंतु प्रहार केला म्हणून राजनयाचे काम संपत नाही, किंबहुना ते वाढते. पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. सुरक्षा परिषदेने २५ एप्रिलला निषेध केला, पण त्या निवेदनात हल्ल्याची जबाबदारी प्रथम स्वीकारणाऱ्या संघटनेचे नाव नव्हते. भारताने सिंधू जलकरार स्थगित ठेवला आणि ७ मे रोजी लष्करी कारवाई केली. त्यानंतर त्याच महिन्यात सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळे जगाच्या राजधान्यांत पाठविली. त्यांपैकी दोन शिष्टमंडळांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे या खासदारांकडे होते. जुलैमध्ये अमेरिकेने त्या संघटनेला, म्हणजे द रेझिस्टन्स फ्रंटला, दहशतवादी घोषित केले. विरोधी बाकांवरचे आणि सत्ताधारी बाकांवरचे सदस्य परदेशात एका सुरात बोलतात, तेव्हा त्या सुराला अधिक किंमत येते.

साक्षीदाराचे स्थान

आता अखेरचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक मुंबईत, ताज हॉटेलमध्येच भरली. त्याच वर्षी १५ डिसेंबरला परिषदेचे अध्यक्षपद भारताकडे असताना तिच्यापुढे कामा रुग्णालयातील एका परिचारिकेचे निवेदन झाले. हल्ल्याच्या रात्री आपल्या विभागातील वीस गर्भवती स्त्रियांना तिने सुरक्षित जागी हलविले होते. पुढे न्यायालयात कसाबला ओळखणारी साक्षही तिने दिली होती. राष्ट्रांचे प्रतिनिधी बसतात त्या सभागृहाने त्या दिवशी आपल्या एका सरकारी रुग्णालयातील परिचारिकेचे शब्द ऐकले.

मच्छीमार वसाहतीत अनोळखी माणसे उतरताना पाहणारे कोळी बांधव, पंचनाम्यावर सही करणारे पंच, जखमी असूनही न्यायालयाची पायरी चढलेले साक्षीदार, हल्लेखोरांचे दफन आपल्या भूमीत होऊ देण्यास नकार देणारे मुंबईच्या मुस्लिम कब्रस्तानाचे विश्वस्त, या सर्वांनी भारताची बाजू जगापुढे भक्कम केली. यांपैकी कोणाच्याही हाती राजनैतिक पारपत्र नव्हते.

आपल्यापैकी पुष्कळांना पंच म्हणून राहण्याचा कंटाळा असतो. साक्ष द्यायची म्हटली की कामाचा दिवस बुडतो, तारखांवर तारखा पडतात, ही अडचण खरी आहे आणि ती कमी करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. परंतु कोणत्या तुकड्यावर, कोणत्या सहीवर उद्या परदेशातील न्यायाधीशाची नजर थांबेल, हे आज कोणालाच सांगता येत नाही. तपासातील ढिलाई आणि अफवांचा बाजार यांचा लाभ अखेरीस आरोपीच्या वकिलालाच मिळतो.

पुढच्या वेळी एखाद्या हल्ल्याविषयीचे निषेधाचे संदेश वर्तमानपत्रात वाचाल, तेव्हा त्यांना तुच्छ लेखू नका. तो सहकार्याच्या दाराचा कडीकोयंडा आहे. मात्र तेवढ्यावर समाधानही मानू नका. सहा महिन्यांनी, सहा वर्षांनी त्या संदेशांतून किती पुरावा आला, किती आरोपी आले, किती पैसा गोठला, हे विचारत राहा. मुंबईच्या १६६ मृतांचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही. तो पुरा होईपर्यंत ते दप्तर उघडे ठेवणे, ही शासनाची जशी जबाबदारी आहे तशीच आपल्या सर्वांच्या स्मरणशक्तीचीही आहे.



जय हिंद! जय महाराष्ट्र!